हाडं बसवणाऱ्याची मुलगी

हाडांच्या शस्त्रक्रिया शिकवणाऱ्या त्या विभागाच्या भिंतीवर आजवरच्या प्रमुखांचे फोटो होते. एक सर्जनचा मुलगा, एक सर्जनचा जावई, एक परदेशात शिकून आलेला. ओळीच्या शेवटी आता तिचा फोटो लागला होता. निवडीच्या वेळी कुणीतरी सहज विचारलं होतं, "घरात आधी कोणी डॉक्टर?"

"नाही. वडिलांचं छोटं दुकान आहे," ती म्हणाली होती.

दुकान होतं, हे खोटं नव्हतं. पण त्या दुकानात बाकड्यावर मोडलेल्या हातापायांची माणसं बसलेली असत आणि बाबा त्यांची हाडं बसवत. लहानपणी पट्टीचं दुसरं टोक धरून तीच उभी असायची. हाड जागेवर सरकताना कसा आवाज येतो, हे तिला शाळेतल्या पाढ्यांआधी कळलं होतं. डॉक्टर व्हायचं तिथंच ठरलं. पुढे कॉलेजात एका प्राध्यापकांनी हाडवैद्यांची अशी टर उडवली की अख्खा वर्ग खो खो हसला. तीही हसली, आणि तेव्हापासून बाबांच्या कामाबद्दल तिनं तोंडाला कुलूपच लावलं.

प्रमुख होऊन फार काळ लोटला नव्हता. दुपारी बाह्यरुग्ण विभाग आवरत असताना एक बाई आपल्या भाचीला उचलून आत आली. पोरगी झोपाळ्यावरून पडली होती. कोपराला बांबूच्या कामट्या लावून घट्ट पट्टी बांधलेली, बोटं निळसर आणि टम्म फुगलेली. सीनियर रेसिडेंटनं एक बोट हलकेच सरळ केलं, तशी पोरगी किंचाळली.

"कुण्या भोंदूनं बांधलंय हे?" तो म्हणाला. "अशांना आत टाकलं पाहिजे, मॅडम."

तिची नजर गाठीवर होती. कोपराच्या बाहेरच्या अंगाला दुहेरी पीळ, टोक आत खोचलेलं. तशी गाठ मारणारा तिच्या माहितीत एकच माणूस होता.

"कात्री द्या," ती म्हणाली.

पोरीची मावशी रडवेली झाली होती. "त्यांनी सांगितलं होतं, बोटं सुजली तर लगेच घेऊन या. मीच म्हटलं, मोडलंय म्हणजे सुजणारच."

पट्टी निघाली तरी बोटांचा रंग परतेना. आत दाब इतका वाढला होता की स्नायूंना रक्तच पोचत नव्हतं. हात उघडून दाब मोकळा करायचा, मग तारांनी हाड धरून ठेवायचं. हे तिनं कितीदा तरी केलं होतं, कितीजणांना शिकवलं होतं. आज हातमोजे चढवताना भूलतज्ज्ञ मैत्रीण कुजबुजली, "बरी आहेस ना? चेहरा उतरलाय तुझा."

"बरी आहे."

बरी कुठली? हात वाचेल का, या धास्तीच्या मागून दुसरी धास्ती डोकं वर काढत होती. मावशीनं दुकानाचा पत्ता सांगितला तर? पोरीचा हात उघडा पडलाय आणि आपल्याला भिंतीवरच्या फोटोची काळजी, या विचारानं तिला स्वतःचीच किळस आली.

बोटं गुलाबी झाली. पोरगी शुद्धीवर आल्यावरही ती हलली मात्र नाहीत.

संध्याकाळी ती बाबांकडे गेली. तिनं सगळं सांगितलं. बाबा बाकड्यावर बसले.

"पट्टी सैल ठेवली होती गं मी."

"सैल नव्हती, बाबा. मीच कापली."

त्यांनी अंगठा बोटांच्या टोकांवर घासून पाहिला. मग म्हणाले, "हल्ली बोटांना कळत नाही. किती ओढलं, ते."

"कधीपासून?"

"तुला सांगितलं असतं, तर तू हे बंद करायला लावलं असतंस."

सकाळी ती त्यांना वॉर्डात घेऊन गेली. मावशीनं ओळखलं आणि पाठ फिरवली. पोरगी मात्र टक लावून बघत राहिली. "आजोबा, तुम्ही म्हणाला होतात दुखणार नाही."

बाबांनी हात पाठीमागे घेतले.

"हे कोण, मॅडम?" रेसिडेंटनं विचारलं.

ती त्याच्याकडे वळली. "माझे वडील. ती पट्टी यांनीच बांधली होती. मला पहिली पट्टी बांधायला शिकवली, तीही यांनीच."

रेसिडेंट पुढच्या खाटेकडे वळला.

वरिष्ठांनाही तिनं स्वतःच सांगितलं. चौकशी झाली, कुजबुज झाली, कॅन्टीनमध्ये ती शिरली की टेबलं गप्प व्हायची. तिची खुर्ची जाणार, असं सगळे धरून चालले होते. खुर्ची गेली नाही, पण जाईल ही टांगती तलवार बरेच महिने राहिली. बाबांनी दुकान बंद केलं. सवयीनं लोक अजून दार ठोठावतात. बाबा हात न लावता त्यांना दवाखान्यात धाडतात.

पोरीची बोटं हळूहळू हलू लागली. अंगठा आणि पहिलं बोट मात्र मागे राहिलं, लिहिताना पेन्सिल निसटते. पोरगी तपासणीला आली की पकड बघायला ती तिच्या चिमटीत कागद देते आणि रेसिडेंटला तो ओढायला सांगते. परवाही कागद सुटला.

"पुन्हा," ती म्हणाली आणि कागद परत पोरीच्या चिमटीत दिला.