वरच्या मजल्याच्या सळया

"हात लावशील तर बघ!"

"आये, खाली माणूस कटर घेऊन उभा हाय. त्याला दुसरी पण कामं असतात."

"मंग जाऊ दे त्याला दुसऱ्या कामाव."

"आणि घराचा सौदा? तो पण जाऊ दे? अब्दुल्लाभाईंनी एकच गोष्ट सांगितलीय, मागच्या खोलीची गळती बंद करून द्या, मग ताबा घेतो. गळती कुठून होते? तुझ्या ह्या सळयांतून!"

"माज्या नाय. हृतिकच्या."

प्रणितनं कपाळावर हात मारला. त्याची आई, भामाबाई, स्लॅबच्या कोपऱ्यात पाठ टेकून उभी होती. टेकायला होत्या फक्त चार गंजक्या सळया, तिच्या कमरेएवढ्या. डोक्यावर पदर, पदरावर भर दुपारचं ऊन. तिन्ही बाजूंनी टॉवर उठलेले, आणि मध्ये गावठाणातलं हे घर: पुढे कौलं, मागे स्लॅबची वाढीव खोली.

"आये, उन्हात नाटक नको ना करू. आजूबाजूचे बघतात."

"बघू दे. आजवर कदी बोलले नाय, तवा कोनी बघला नाय."

हे खरं होतं. भामाबाई बोलणारी बाई नव्हतीच. उरणकडच्या मिठागरवाल्या घरात जन्मली, फळीनं मीठ ओढता ओढता मोठी झाली, आणि लग्न करून पनवेलच्या कडेला ह्या दोन कौलारू खोल्यांत आली. सासू बोलायची, नवरा बोलायचा, ही ऐकायची. काशीराम माणूस वाईट नव्हता. फक्त घरात एकच आवाज असावा असं त्याला वाटे, आणि तो त्याचा असे.

पोरं मोठी व्हायला लागली तेव्हा काशीरामनं मागे खोली काढली. स्लॅबच्या दिवशी आळीतल्या बायांनी घमेली वाहिली, भामानं सगळ्यांना तांदळाच्या भाकऱ्या आणि मटण घातलं. संध्याकाळी मिस्त्री विचारायला आला, "काशीरामशेट, कॉलमचे बार कापू का ठेवू?"

"ठेव. पोरं दोन हायत. एक खाली, एक वर."

वर म्हणजे धाकटा, हृतिक. स्लॅब मुरायला त्यावर मातीचे बांध घालून पाणी साठवलं, तेव्हा भामाला माहेरचं मिठागरच घरावर चढून बसल्यासारखं वाटलं होतं. हृतिक त्यात दिवसभर बसून राहायचा. खालून हाक मारली की ओरडायचा, "मी माझ्या घरात हाय! तूच वर ये!"

तेव्हापासून सळया भामाच्या झाल्या. सुकट वाळत घालायला दोऱ्या बांधल्या त्या सळयांना. पाणी आत जाऊ नये म्हणून त्यांच्यावर बाटल्या उपड्या घातल्या, दर दसऱ्याला त्यांना लाल रंग लावला. तरी गंज उतरलाच. सळयांच्या बुडाशी भेगा पडल्या, आणि मागच्या खोलीत पाणी ठिबकू लागलं. काशीराम शेवटच्या आजारपणात त्याच खोलीत होता. खाटेशेजारी बादली. एकदा तो छताकडे बघत म्हणाला, "काप ती लोखंडं आता. कोन येतंय?" भामानं बादली ओतली आणि परत आणून ठेवली.

हृतिक तोवर गेलेला होता. गेला म्हणजे कुठे? रोडपालीला. रिक्षानं गेलं तर चहा निवायच्या आत पोचावं, इतकंच. ऑफिसातली मनस्वी त्यानं बायको करून आणली, परक्या जातीची, घाटावरची. काशीराम अंगणात उभा राहून सगळ्यांच्या देखत म्हणाला, "वरचं घर मी सुनेसाठी बांधनार होतो. हिच्यासाठी नाय." पोरगी उंबऱ्याबाहेर, नव्या साडीत. हृतिकनं बापाकडे बघितलंच नाही. त्यानं बघितलं आईकडे. भामा चुलीपाशी उभी होती. हातात कालथा होता. ती बोलली नाही.

बाप गेला तेव्हा तो स्मशानात आला, आणि तिथूनच परत गेला.

"काकी!" जिन्यावरून फहमिदा वर आली. घर घेणाऱ्या अब्दुल्लाची बायको. नवरा कतारहून कायमचा परतलेला, मोहल्ल्यातल्या एकत्र घरात आता जागा पुरत नव्हती. घर बघायला आली होती तेव्हाही ती आधी स्लॅबवरच चढली होती. "काकी, या अल्ला, काय ऊन आहे! खाली चला ना. चक्कर येईल."

"तू जा बाय खाली. माजा नि ह्याचा चाललाय."

"वहिनी, सॉरी हां," प्रणित म्हणाला. "कापून देतो मी आजच. आई जरा..."

"आई जरा काय?" भामा म्हणाली. "येडी? बोल ना."

फहमिदा दोघांच्या मधे येऊन उभी राहिली. कमरेवर हात ठेवून तिनं सळयांकडे नीट बघितलं, जशी बाजारात मासळी बघतात तशी.

"मी म्हणते, कापायच्याच कशाला?"

"अहो, गळती..."

"गळतीचं बघू. बुडाशी सिमेंट मारून घेऊ. अदीबच्या अब्बांना मी समजावते. काकी, आमच्या अदीबचं लग्न होईल इन्शाअल्ला, तेव्हा वर दोन खोल्या काढू. तुमच्या सळया कामाला येतील. झालं? आता हसा बघू."

तिला वाटलं होतं म्हातारी सुटकेचा श्वास टाकेल. प्रणितचाही चेहरा सैल झाला. पण भामाबाईनं मागे हात नेऊन एक सळई मुठीत धरली. इतके दिवस तिच्या मनात फक्त कटर होता. सळया राहतील, त्यांच्यावर भिंती उभ्या राहतील, खिडकीत दुसऱ्याच कुणाच्या मुलाचे शर्ट वाळतील, हे तिच्या मनात आलंच नव्हतं.

"तुजा पोरगा चांगला हाय, फहमिदा," ती हळू म्हणाली. "माजं कायपन नाय त्याच्याव. पन ही जागा हृतिकला दिलेली हाय. तो आला नि वर कोनी दुसराच ऱ्हात असला, तर मी त्याला काय सांगू?"

"तो येणार नाय!" प्रणित ओरडला.

"तुला काय ठाव?"

"ठाव हाय मला!"

"तुला काय कानात येऊन सांगितलान त्यानं?"

"हो, सांगितलान! त्यानंच सांगितलान कापायला! मी विचारलं त्याला, आये बार कापू देत नाय, काय करू. तो बोलला, काप. मला नको ते घर. बस? आता हो बाजूला!"

खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षा सुरू करत होतं, ती होत नव्हती. फहमिदानं ओढणी तोंडावर धरली.

"कवा बोलला?" भामानं विचारलं. तिचा आवाज एकदम खाली आला होता.

"परवा."

"म्हंजे... बोलता तुमी?"

प्रणितनं मान फिरवली. "अधूनमधून. सुट्टीच्या दिवशी फोन करतो तो."

"किती दिस झाले?"

"आबा गेले तेव्हापासून."

"आबा गेल्यापासून." तिनं ते शब्द तोंडात घोळवले. "मंग मी घरातच असते की सुट्टीला. तू अंगनात फेऱ्या मारत बोलतोस, मी बोलते ऑफिसचा फोन असंल."

"आये, त्यानंच सांगितलं होतं की तुला..." आणि तो थांबला.

"की मला काय?"

"काय नाय."

"बरं." भामाबाईनं सळई सोडली. तळव्यावर गंजाचा तांबडा पट्टा उमटला होता, तो तिनं पदराला पुसला. सळयांसमोरून ती आपणहून बाजूला झाली, दोन पावलं, आणि मुलाच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली. "काप. सांग त्या मानसाला वर यायला. मी नाय आडवी येत. फकस्त एक सांग. इतकी वर्सं बोलता तुमी. कदी एकदा तरी विचारलान का त्यानं, आये कशी हाय?"

प्रणितनं तिच्याकडे बघितलं. मग त्यानं फहमिदाकडे बघितलं, जणू ती काहीतरी बोलेल.

तो वळला आणि जिना उतरून गेला.