गाडी सुधारली, म्हणूनच गेली

मंडळी, आमचे वडील, आबा, गेल्यावर त्यांच्या मोटारसायकलचं इंजिन मी पुन्हा बांधलं. तेव्हापासून रेस सोडली की ती धडधडून बंद पडते, हे रडगाणं इथं ग्रुपवर तुम्ही बरेच दिवस ऐकताय. आज दोष सापडला.

हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा मिक्श्चरचा स्क्रू कितीही फिरवला तरी फरक पडत नव्हता. सकाळी गाडी चालू ठेवून कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरावर क्लीनर फवारला. तो आत ओढला गेला आणि इंजिनाचा आवाज एकदम चढला. रबराला चीर होती, तिथून जादा हवा आत जात होती. मंचरहून नवीन रबर आणून बसवलं आणि गाडी संथ चालू लागली.

थोरला भाऊ ओट्यावरून ऐकत होता. म्हणाला, "लई भारी! आता गिऱ्हाईक माघारी नाय जायचं."

"कसलं गिऱ्हाईक, दादा?"

"डिंगोरे गावचं पावणं. बंद पडती म्हणून थांबलं व्हतं."

"मला विचारायचं तरी!"

"आबांच्या माघारी थोरला मीच ना?"

दुपारी पाहुणे आले. दादाला गाडी चालू करता येईना, म्हणून किक मीच मारली. गाडी पहिल्याच किकला चालू झाली आणि ते घेऊन गेले.

तुमच्यापैकी कुणी अशी गेलेली गाडी परत मागायला गेलंय का? आणि आज रात्री दादाच्या शेजारी जेवायला कसं बसायचं, तेवढं सांगा.