दुसरी सही

आमच्या गोव्यात लग्न आधी कचेरीत लागतं, मग मांडवात. कचेरीतही एकदा जाऊन भागत नाही. दोघांनी मिळून पहिली सही करायची, कुणाची हरकत असली तर ती यायला थोडे दिवस सोडायचे, आणि पुन्हा जाऊन दुसरी सही करायची. कायद्यानं या दुसऱ्या सहीलाच अर्थ. पण आम्हां पेडण्याच्या लोकांना एवढा धीर कुठला! पहिली सही झाली त्याच संध्याकाळी शेजारपाजारी मला सासुरवाशीण करून मोकळे झाले. होणाऱ्या नवऱ्याबरोबर म्हापशाला सिनेमाला जायची परवानगीही लगेच मिळाली. "सय जाली मगे, आता कोण काय बोलतलो?" आई म्हणाली.

तो डिचोलीकडचा, पाळीचा. मुरगाव बंदरात खनिजाच्या कंपनीत नोकरीला. बोलायचा कमी. मला तो आवडला होता. उगाच कशाला लपवू, फार आवडला होता.

सिनेमा हसवणारा होता. लग्नाचं नाव काढलं की नायकाला घाम फुटायचा. एकदा तो न्हाणीच्या खिडकीतून पळाला, एकदा वरातीचा घोडाच उलटा फिरवून. थिएटरभर लोक हसत होते आणि सगळ्यांत मोठ्यानं हसत होता माझ्या शेजारचा हा. इतकं हसताना मी त्याला पाहिलंच नव्हतं. वाटलं, चला, माणूस खुलला एकदाचा. शेवटी नायकाला उपरती झाली, तो मांडवाकडे धावत सुटला, लोक शिट्ट्या मारू लागले, आणि हा उठून उभा राहिला. "बस चुकतली," म्हणाला. कसली चुकते! स्टँडवर आम्ही नंतर कितीतरी वेळ शेंगा खात बसलो होतो. त्यानं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

दुसऱ्या सहीची वेळ आली तेव्हा भाषेचं आंदोलन पेटलं होतं. कोकणी की मराठी यावरून लोकांनी रस्त्यांवर झाडं आडवी टाकली, बसगाड्या थांबल्या. त्याचा निरोप आला, "रस्ते बंद आसात, कसो येतलो?" तेही खरंच होतं. बाबांनी नवी तारीख घेतली. त्या दिवशीही बंद. मी मराठी शाळेतली बाई, भाषेसाठी माझं रक्त सळसळायला हवं होतं. मी मात्र देवाजवळ एवढंच मागत होते, की आज रस्ता खुला होऊ दे.

रस्ते खुले झाले. गाड्या सुटल्या, शाळा भरल्या. पुढे गोव्याचं राज्य झालं, फटाके वाजले. तो आला नाही. बाबा पाळीला जाऊन आले. त्याची आई त्यांना म्हणाली, "लग्नाक भियेता तो. आमी सांगून थकलों."

मग मीच कचेरीत जाऊन कारकुनाला विचारलं, आता माझं काय. "दुसरी सय जावंक ना म्हणजे कांयच जावंक ना, बाय. तू मोकळी," तो म्हणाला.

मोकळी कसली, डोंबलाची! स्थळं यायची, चहा प्यायची, तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या कानाला लागायचं, "हिची एक सय जाल्या." स्थळ उठायचं. टाकलेल्या बाईला निदान नावानं बोटं मोडायला नवरा तरी असतो. मला तेही नाही.

तरी मी मनाची समजूत घातली होती. काही पुरुष असतातच असे, त्या सिनेमातल्यासारखे, लग्न म्हटलं की हातपाय गाळणारे. त्यात माझं काय चुकलं? या एका समजुतीवर मी बरीच वर्षं काढली. दुसरं होतं तरी काय माझ्याजवळ?

मग एकदा शुक्रवारच्या बाजारात पाळीची एक ओळखीची बाई भेटली. त्याचं लग्न झाल्याचं तिनं सांगितलं.

"दुसऱ्या सहीला आला का वेळेवर?" मी हसत विचारलं. थट्टाच केली मी.

"वेळार? कचेरी उघडच्या आदी तो जावन बसलो हुतो," ती म्हणाली आणि पुढे मिरच्यांचा भाव करू लागली.

म्हणजे तो लग्नाला भीत नव्हता. मीच नको होते.