स्वानंदकाकाचा पुसलेला आवाज

आमच्या स्वानंदकाकाची नक्कल करायची तर आधी आवाज बंद करावा लागतो. डोळे पंख्याकडे, ओठ हलते, बाकी सगळं चूप. समोरचा कंटाळून निघाला की मग हळूच, "हां... म्हणजे... अर्धा किलो द्या." सुदामा नगरच्या भाजीवाल्यासमोर मी हे केलं तेव्हा तो हसून हसून टोमॅटोंवर पडता पडता वाचला.

काका प्रत्येक वाक्य आधी ओठांत म्हणून बघतो. फोन उचलण्याआधी 'हॅलो'चीसुद्धा तालीम. आमचे कोणी पूर्वज म्हणे इथल्याच होळकरांच्या दरबारात चोपदार होते, ललकारी द्यायचे. बाबा हे प्रत्येक लग्नात सांगतात. "तो सगळा आवाज त्यांनी तिथेच खर्च केला," काकी म्हणते, "यांच्या वाट्याला नुसते ओठ आले." मधुरिमाकाकी शाळेत गणित शिकवते. तिने वर्गात पाढे घेतले की बाहेर उभे रिक्षावालेही म्हणायला लागतात.

काका वेब डेव्हलपर आहे. भंवरकुआंजवळच्या एका छोट्या कंपनीत लोकांच्या वेबसाइट बनवतो, बिघडल्या की सुधारतो. तिथे बोलावं लागत नाही म्हणून खुश असतो. पण आवाज म्हणाल तर सुंदर. खर्जातला, जरा ओलसर, वाक्याच्या शेवटी किंचित वर जाणारा, जसा काही परवानगी मागतोय. माझा आवाज फुटला तेव्हा तो सरळ जाऊन काकाच्याच आवाजावर बसला. आमच्या गळ्यांचा साचा एकच असावा.

त्याच आवाजात मागच्या हिवाळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, "साधी आहे, काढून टाकू. पण आवाज पहिल्यासारखाच राहील हे मी लिहून नाही देऊ शकत." काकाने मान हलवली. घाबरली ती काकी, कारण घरात काकाच्या आवाजाचं एकही रेकॉर्डिंग नव्हतं. लग्नाच्या व्हिडिओत तो फक्त हसतो. व्हॉइस नोट पाठवायची तर तालीम करता करता कंटाळतो आणि टाइप करतो.

"इतकी वर्षं तुमचं एकेक वाक्य वाट बघून ऐकलं," काकी म्हणाली. "आता ते पण जाणार?"

ऑफिसातले परेशभिया (आमच्या गावात भैयाचं भियाच होतं) कधीपासून मागे लागले होते. "अरे भिया, अपन तिघं बसू, वेब डेव्हलपमेंटच्या गप्पा हाणू, पॉडकास्ट! कुछ नहीं करना है, बस बोलना है!" काका आजवर टाळत होता. या वेळी काकीनेच ऑपरेशनच्या आधीचा शनिवार पक्का केला. नाव पण ठरलं, 'बटन कुठे गेलं?' कारण काकाचे क्लायंट फोन उचलल्याबरोबर हेच विचारतात.

आमच्या मागच्या खोलीत भिंतींना गाद्या लावल्या, पंखा बंद केला. परेशभिया लॅपटॉप घेऊन बसले. तिसरी पलक, ऑफिसात नवी आलेली. "सर, माझी मराठी थोडी ऐसीच आहे, चलेल ना?"

"दौडेल!" परेशभिया म्हणाले. "आता ऐका. मी एक प्रोग्राम लिहिलाय. सुरुवातीला सगळे चूप बसायचं. त्या शांततेत जे ऐकू येईल, फ्रिजची घरघर, बाहेरची मोटरसायकल, ते हा ओळखून ठेवेल आणि सगळ्या रेकॉर्डिंगमधून पुसून टाकेल. चकाचक. चलो, चूप!"

सगळे चूप बसले. काकाचे ओठ हलायला लागले. बोलायचं सगळं तो पहिल्या वाक्यापासून पुटपुटत होता, माइकच्या अगदी जवळ. नेहमीचंच ते, कोणाला त्याचं काही वाटलं नाही.

आणि मग काका बोलला. असा बोलला की पलक हसून हसून गादीवर आडवी झाली. काकी दाराला कान लावून उभी होती, हातातलं लाटणं तसंच.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी बरेच दिवस मौन सांगितलं. त्या मौनातच एका दुपारी परेशभिया लॅपटॉप घेऊन आले. "मी पण अजून ऐकलं नाही भिया. सोबत ऐकू." काका, ते आणि मी, तिघं बसलो.

पलकचा आवाज आला. "सर, क्लायंट बोलतो वेबसाइट स्लो आहे, तर पहिलं काय बघायचं?"

मग काहीच नाही.

काहीच नाही म्हणजे अगदी काहीच. श्वास नाही, खुर्ची नाही. मग एकदम परेशभिया आणि पलक खदखदून हसले. "क्या बात है स्वानंदजी!" परत तेच कोरं. मध्येच पलक कोणाला तरी म्हणाली, "नाही नाही सर, आधी तुम्ही." आणि कोणीतरी बोलून संपेपर्यंत थांबावं तसे ते दोघं थांबले. पुढे तर परेशभिया हळवे होऊन म्हणाले, "हे तुम्ही आज बोललात ना, बरं वाटलं." कोणाला म्हणाले? खोलीत दोन माणसं होती आणि ती एका रिकाम्या खुर्चीशी गप्पा मारत होती.

परेशभियांचा चेहरा पांढरा. "शांततेत..." ते म्हणाले, "तू पुटपुटत होतास. प्रोग्रामने तुझा आवाजच कचरा समजला." मूळ रेकॉर्डिंग? साफ केलं की मूळ उडवून टाकायचं, हेही त्यांनीच प्रोग्रामात लिहिलं होतं. जागा वाचते म्हणून. त्यांनी लॅपटॉप उलटासुलटा शोधला. नव्हतं.

मी काकाकडे पाहिलं. रेकॉर्डिंग चालूच होतं आणि काकाचे ओठ हलत होते. तालीम पाठ होती ना. पलकचा प्रश्न संपला की ओठ सुरू, हसणं आलं की बंद. एकही जागा चुकली नाही. समोर बसलेला माणूस बोलतोय, दोघं त्याला हसतायत आणि आवाज कुठेच नाही.

मला राहवलं नाही. परेशभियांनी भाग मागे नेला. पलकने विचारलं आणि मी काकाच्या ओठांवर डोळे ठेवून, त्याच्या खर्जात, शेवटी थोडं वर जात म्हणालो, "आधी त्याचा फोन बघायचा. मग त्याचं इंटरनेट. आणि मग, कोणी बघत नसेल तेव्हा, आपला कोड." लगेच लॅपटॉपमधून हसणं फुटलं. असं चपखल, की परेशभिया चरकून मागे सरकले.

स्वयंपाकघरातून काकी ओरडत आली, "अहो, बोलू नका सांगितलंय ना डॉक्टरांनी!"

मग तिने काकाचे मिटलेले ओठ बघितले. मग मला.

परेशभिया माझ्याकडे बघत हळूच म्हणाले, "देवांशनेच भरू या ना जागा. कोणाला पता चलणार?" काकाने लॅपटॉप बंद केला, फोन काढला आणि टाइप केलं, 'राहू दे तसंच.' भाग तसाच इंटरनेटवर गेला, भोकांसकट. खाली कोणीतरी लिहिलं, 'तुम्ही दोघं कोणाशी बोलताय?'

आता खरं तर मला मजा यायला हवी होती. पण काकी एकदा पोळ्या लाटताना म्हणाली, "देवा, जरा म्हण ना, 'मधू, चष्मा कुठेय?'" मी म्हटलं. ती हसली नाही. डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी परत. मग ती माझ्याकडे पाठ करून उभी राहायला लागली, मी दिसू नये म्हणून. आणि तिने न सांगितलेलंही माझ्या तोंडून निघायला लागलं. "दमलीस का?" असं मी एकदा म्हणालो. ती "थोडीशी" म्हणाली, अगदी वेगळ्याच सुरात, आणि माझे कान गरम झाले. पुढे शाळेत हजेरीच्या वेळी कळलं, 'प्रेझेंट' म्हणण्याआधी माझे ओठ नुसतेच हलतायत.

मौन संपलं. डॉक्टर म्हणाले, बोला. काका बोलेना. ओठ हलायचे, मग थांबायचे. त्याचा आवाज घरात फिरत होता, हाका मारत होता, काका त्याच्या वाटेतून बाजूला होऊन बसायचा.

परवा संध्याकाळी काकी गॅसपाशी, दूध ठेवलेलं, माझ्याकडे पाठ. "देवा, जरा हाक मार ना."

मी तोंड उघडलं.

"मधू."

मी नव्हतो बोललो. आवाज दारातून आला होता. खरखरीत, पातळ, पत्र्यावर नख ओढल्यासारखा. काकी दचकून ओट्याला टेकली.

"कोण?" ती माझ्याकडे बघत म्हणाली. "कोण आहे?"

काका दारात उभा होता. त्याचे ओठ आधी हलले नाहीत. मी बघत होतो, नाहीच हलले.

"मीच," तो म्हणाला. "दूध उतू जातंय."