चुन्याचा दिवस

मुकुंद सर गेल्याची बातमी आली तेव्हा मी पैठणला एका रिकाम्या प्लॉटवर, त्यांच्याच डब्यातून फक्की टाकत होते. फक्की म्हणजे चुन्याची भुकटी, शाळेच्या मैदानावर रेघा मारतात ती. आणि डबा म्हणजे तेलाचा जुना पत्र्याचा डबा, तळाला खिळ्यानं पाडलेली भोकं, वर तारेची कडी. फोन काकूंचा होता, सरांच्या पत्नीचा. "शुभांगी, अगं सर गेले... सकाळी चहा मागितला आणि..." पुढचं मला ऐकूच आलं नाही. ज्यांचं घर आखत होते ते कुटुंब माझ्याकडं बघत उभं होतं. त्यांची सून पांढऱ्या रेघांच्या स्वयंपाकघरात, नसलेल्या ओट्यापाशी पोळ्या लाटल्यासारखे हात करून बघत होती. माझ्या हातातला डबा तिरका झाला होता आणि फक्की एकाच जागी भसाभसा सांडत होती. याला पाच आठवडे झाले. त्यांच्याबद्दल लिही, असं तेव्हापासून सगळे म्हणतायत. लिहायला बसले की एकच सकाळ आठवते, आणि ती सांगायची म्हणजे मला माझंच थोबाड आरशात बघावं लागतं.

सर आर्किटेक्ट होते. खडकेश्वरला दोन खोल्यांचं ऑफिस, खाली झेरॉक्सचं दुकान. शिकून बाहेर पडल्या पडल्या मी त्यांच्याकडं लागले, डोक्यात हे एवढाले बंगले घेऊन. पहिलं वर्षभर त्यांनी माझ्याकडून फक्त संडास आणि न्हाणीघरं काढून घेतली. मी चिडायची, घरी जाऊन आईपुढं रडायची. एकदा न राहवून विचारलंच, तर म्हणाले, "जिथं माणूस एकटा असतो तिथं घर आधी नीट पाहिजे. दिवाणखाना काय, कुणीही काढील." त्यांचं दुसरं खूळ म्हणजे चुन्याचा दिवस. पाया खोदायच्या आधी ते अख्खं घर जमिनीवर फक्कीनं आखायचे. भिंती, दारं, खाट, चूल, देवघर, सगळं खऱ्या मापानं. मग घरच्यांनी एक दिवस त्या रेघांत राहायचं. डबे घेऊन यायचं, तिथंच जेवायचं, दुपारी सतरंजी टाकून पडायचं, दारातूनच ये-जा करायची. भिंतीवरून कुणी पाय टाकला की सर ओरडायचे, "अहो, डोकं फुटंल!" लोक हसायचे, पण संध्याकाळपर्यंत हमखास काहीतरी बदलायचं. एका सासूबाईंनी पायानं रेघ पुसून देवघर हलवलं होतं, तर सरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. ते म्हणायचे, "नकाशा कुणालाच कळत नाही गं. छान आहे म्हणतात आणि मग जन्मभर कोपराला दार लागतं."

चौथ्या वर्षी पिशोरच्या रावसाहेबांचं काम आलं. शेतात घर बांधायचं होतं. रावसाहेबांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला, उजवं अंग गेलेलं. डावा हात भिंतीला धरून ते चालायचे, पण जुन्या घरात मध्येच भिंत संपायची आणि ते तिथंच उभे राहायचे, कुणी येईपर्यंत. सरांनी त्या माणसासाठी घरात एक फेरी काढली. खाटेवरून उठलं की डाव्या हाताला भिंत, आठ पावलांवर न्हाणी, न्हाणीच्या दुसऱ्या दारानं ओट्यावर, ओट्यावरून परत खाटेशी. भिंत सगळीकडं डाव्या हातालाच. माघारी वळायचं कामच नाही. इतकं साधं आणि इतकं देखणं काम मी त्यानंतर केलेलं नाही.

चुन्याच्या दिवसाची जबाबदारी माझ्यावर होती. सर दुसऱ्या कामात अडकले होते. म्हणाले, "पिशोरचं तू बघ. रावसाहेबांना स्वतः चालायला लाव." आणि नेमकं त्याच शनिवारी वेरूळला एका माणसानं मला भेटायला बोलावलं. लेण्यांकडं येणाऱ्यांसाठी लहानसं हॉटेल बांधायचं होतं त्याला. माझं स्वतःचं पहिलं काम! सरांना न सांगता घेतलेलं. मी पिशोरला गेलेच नाही. मुकादम शब्बीरभाईंना नकाशा पाठवला आणि फोनवर सांगितलं, खड्ड्यांपुरत्या रेघा मारा आणि खोदायला घ्या. सोमवारी सरांनी विचारलं, "फक्की झाली?" मी तोंड वर करून म्हणाले, "झाली सर. रावसाहेब चालले. खूश आहेत." जीभ जराही अडखळली नाही, याचंच मला आज जास्त वाटतं.

काँक्रीटच्या दिवशी नऊ वाजता मी पिशोरला पोचले, तर सर माझ्या आधीच येऊन बाभळीखाली उभे. बाजेवर रावसाहेब. खड्डे खोदून तयार, लोखंडी जाळ्या बसवलेल्या, मिक्सर सुरू, वीसेक माणसं घमेली घेऊन थांबलेली. मी गाडीच्या बॉनेटवर नकाशा उघडला. नकाशात विहीर उजवीकडं होती, माझ्यापुढं ती डावीकडं होती. कागद फिरवून बघितला, पुन्हा फिरवला. एक दिवस सहज, रस्त्याकडून कसं दिसेल म्हणून संगणकावर मी तो नकाशा उलटा करून बघितला होता, आरशात दिसतो तसा. तोच शब्बीरभाईंकडं गेला होता. घर उभं राहिलं असतं, पडलं काही नसतं. फक्त खाटेवरून न्हाणीकडं निघालं की भिंत रावसाहेबांच्या उजव्या हाताला आली असती. मेलेल्या हाताला.

कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, असं मला वाटत होतं. सर जवळ आले. मिक्सरच्या आवाजात हळूच म्हणाले, "चालू करायचं का, शुभांगी?" मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. हो म्हणायचं, मग घरी बसून दारं इकडची तिकडं करायची, कठडे लावायचे, काहीतरी जमवायचं... हे सगळं डोक्यात येऊन गेलं, खोटं कशाला बोलू? बाजेवरचे रावसाहेब डाव्या हातानं काठीची मूठ चोळत होते. "नको," मी म्हणाले. आवाज फुटला नाही म्हणून पुन्हा ओरडले, "थांबवा! नकाशा उलटा गेलाय. माझी चूक आहे." मिक्सर बंद झाला. शब्बीरभाईंनी डोक्याला हात लावला. "क्या मॅडम, तीन दिन से खोद रैं हम लोगां, अब बोल रै उल्टा है?" सर एवढंच म्हणाले, "रावसाहेबांना तूच सांग." मी गेले, बाजेपाशी उकिडवी बसले आणि सांगितलं. नकाशाचं सांगितलं. चुन्याच्या दिवसाचं नाही सांगितलं. म्हातारा माझ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "बुजवा मंग. माती आपलीच हाय."

परतताना सर आणि मी एकाच गाडीत होतो. मी मनात राजीनामा लिहून काढला होता. फुलंब्रीच्या पुढं आल्यावर ते म्हणाले, "वेरूळचं काम कसं चाललंय?" त्यांना कुणी सांगितलं होतं, कोण जाणे. "ठीक आहे सर," मी म्हणाले. "कर. स्वतःचं काम करायलाच पाहिजे. तिथंही फक्की मार." बस्स, एवढंच. दोन वर्षांनी मी माझं ऑफिस काढलं तेव्हा बोर्ड लावायला ते स्वतः आले, आणि काकूंनी ओटी भरल्यावर सरांनी पिशवीतून तो डबा काढून माझ्या टेबलावर ठेवला. मी म्हणाले, "सर, हा कशाला? तुम्हाला लागेल." तर म्हणाले, "माझ्याकडं दुसरा आहे. हा तुझा."

तेव्हापासून त्यांचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला. "फक्की झाली?" हालहवाल नंतर. मी "झाली सर" म्हणायची आणि ते जरासे थांबायचे... मग दुसरं काहीतरी विचारायचे. मी आणि माझा नवरा त्यावरून हसायचो, सरांची सवय म्हणून. खरं तर दर वेळी मला वाटायचं, सांगून टाकू? पण इतक्या वर्षांनी कशाला उकरायचं, असं म्हणून मी गप्प बसायची. शेवटची भेट त्यांच्या घरी झाली. पैठणच्या कामाचा कागद मांडीवर घेऊन सर बसले होते, बारीक झाले होते. "फक्की झाली?" म्हणाले. "गुरुवारी आहे सर." ते थांबले. त्या दिवशी जरा जास्तच वेळ थांबले. माझ्या ओठांवर आलं होतं, देवाशपथ आलं होतं. तेवढ्यात काकू पोहे घेऊन आल्या आणि मी ताटली हातात घेतली.

गेल्या रविवारी मी पिशोरला गेले. रावसाहेबांना बातमी कळवायला हवी होती, आणि फोनवर सांगवेना. घर आता रंगाला आलंय. पण आतल्या भिंतीवर, कंबरेच्या उंचीला, खाटेपासून न्हाणीपर्यंत आणि न्हाणीपासून ओट्यापर्यंत एक तेलकट काळपट पट्टा गेलाय, हात घासून घासून झालेला. पोरगा रंग द्यायचं म्हणतो, पण रावसाहेब देऊ देत नाहीत. बातमी ऐकून म्हातारा उठला, एक अख्खी फेरी मारून आला आणि परत खाटेवर बसला. डोळे पुसले. मग म्हणाला, "त्या दिशी सहालाच आल्ते तुमचे सर. तुमच्या लई आधी."

"कुठल्या दिवशी?"

"खड्डे बुजवले त्या दिशी. मला इचारलं, चुन्याचा दिवस कसा झाला? म्या म्हनलं, कसला चुना? मुकादमानं रेघा मारल्या आन् खोदलं. मंग त्यांनी मला धरून त्या खड्ड्यांच्या कडंनं चालवलं. तवाच कळलं त्यांना, समदं उलटं हाय."

"मग थांबवलं का नाही?"

"म्याबी तेच म्हनलं. तर म्हनले, पोरगी यिऊ द्या. तिलाच दिसंल. नायच दिसलं तर हाय मी." रावसाहेबांनी काठी खाटेला टेकवली. "चुन्याचंबी म्हनलं म्या, तुम्हाला खोटं सांगितलं की वो तिनं. तर म्हनले, तेबी सांगल ती. आज नाय तर उद्या."

मी त्यांच्यापुढंच ढसाढसा रडले. म्हातारा डावा हात माझ्या डोक्यावर ठेवून बसला.

डबा आता समोर आहे. पैठणची फक्की अजून त्याच्या भोकांत अडकलेली आहे. इतकी वर्षं त्या माणसानं फोनवर दर वेळी मला जागा करून दिली आणि दर वेळी मी तिच्यावरून पाय टाकून गेले. आता विचारणारं कुणी नाही, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहिते. नाही सर. पिशोरला फक्की झाली नव्हती. मी गेलेच नव्हते.