माझ्या सासऱ्यांचा लखलखाट

माझ्या सासऱ्यांचं आजवर कधी काही बिघडलेलं नाही. अख्ख्या पेडणे तालुक्यात काजूचा मोहर जळतो, बस चुकते, दात पडतात, मुलं नापास होतात; पण हे सगळं गावातल्या इतरांच्या वाट्याला. सासऱ्यांच्या उंबरठ्यापाशी संकटं चपला काढून ठेवतात आणि आत येईपर्यंत त्यांचं भलतंच काहीतरी होऊन बसतं. एकदा काजूच्या झाडावरून पडून त्यांचा उजवा हात मोडला. आम्ही नवरा-बायको साखळीच्या आमच्या घरून धावत गेलो, तर हे बलकांवावर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावरच्या आपल्या कायमच्या जागी, डाव्या हाताने चहा पीत बसलेले. "हात मोडला म्हणे, मामा?" मी विचारलं. "मोडता कसलो? साठ वर्सां राबलो तो. म्हयनोभर रजा दिली तेका." छप्पर गळायला लागलं की म्हणणार, "लोक पाण्याक भायर जातत, आमच्याकडे पाणी सोता घरात येता." एका खुर्चीचा पाय तुटला, तर ती कदेल त्यांनी भिंतीला टेकवून तशीच ठेवली. जो पाहुणा लवकर उठायला हवा, त्याला ती द्यायची.

आमच्या लग्नात आचाऱ्याचा टेम्पो वाटेत बंद पडला आणि दुपारचे तीन वाजले तरी पान वाढलं नाही. दुसरा एखादा वधुपिता कोपऱ्यात जाऊन घाम पुसत बसला असता. हे मांडवाच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "मंडळीनू, आमच्या घराण्यात पावण्यांका आदी भूक वाढतत, जेवाण मागीर." पाहुणे इतके चाट पडले की पुढे कच्च्या राहिलेल्या भातालाही नावं ठेवायची कुणाची छाती झाली नाही.

या स्वभावाचा पहिला फायदा, खरं सांगायचं तर, मलाच झाला. पहिल्या दिवाळसणाला मी नवी स्कूटर मिरवत सासुरवाडीला गेलो आणि अंगणात झोकात वळण घ्यायच्या नादात स्कूटरसकट शेणखताच्या खड्ड्यात उतरलो. सगळी वाडी कुंपणाशी जमली. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. तेवढ्यात बलकांवावरून आवाज आला, "हासता कोण रे? जावयबापू खत बघूक उतरलेत. शेतीची आवड आसा तेंका." मीही कमरेपर्यंत शेणात उभा राहून, शक्य तेवढ्या अधिकाराने, "खत चांगलं कुजलंय, मामा," असं म्हणालो. तेव्हापासून पेरणीच्या आधी वाडीतले लोक मला खताबद्दल मत विचारतात. मी ते देतोही.

आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालायची रीत आहे. एकाने सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने सांगायचं, आणि बाकीच्यांनी दर वाक्यामागे 'व्हय म्हाराजा!' म्हणून त्याच्या पाठीशी उभं राहायचं. वाडीचं गाऱ्हाणं वर्षानुवर्षं सासरे घालतात, कारण त्यांचा आवाज खाडीपलीकडे जातो. पण गाऱ्हाण्यात देवाकडे काही मागायचं असतं, आणि मागणं त्यांच्या जिभेवर येतच नाही. त्यांचं गाऱ्हाणं म्हणजे देवाला पाठवलेलं खुशालीचं पत्र असतं. "बा देवा म्हाराजा, आमचा सगळा बरा आसा." "व्हय म्हाराजा!" "तुझ्या देवळाचो कळस जरा कलंडलो आसा, तू आपली काळजी घे." "व्हय म्हाराजा!" माझ्या सासूबाई, म्हणजे मामी, मागच्या रांगेतून पुटपुटत असतात, "मागा हो कायतरी! देव काय रोज रोज ऐकता?"

मग त्या मे महिन्यात चक्रीवादळ आलं. एका दिवसात त्याने किनाऱ्यापासून डोंगरापर्यंत सगळी झाडं चाळून काढली. विजेचे खांब तर जत्रेहून परतणाऱ्या दोस्तांसारखे एकमेकांच्या गळ्यात पडले होते. मी लायटीच्या कचेरीतला कारकून. दुसऱ्याच दिवशी मला साखळीहून पेडण्याच्या बाजूला, तक्रारी घ्यायच्या टेबलावर धाडलं. लाइनमन बिचारे मूठभर जेवणावर खांबाखांबांवर लटकत होते. मी खुर्चीवर होतो. पणजीहून आलेल्या साहेबांनी भिंतीवर वाड्यांची मोठी यादी लावली होती: जिथे काळोख तिथे लाल फुली, जिथे लाइट आली तिथे हिरवी खूण. हिरवा पेन माझ्या ताब्यात होता, आणि त्यामुळे या काळात माझं वजन किती वाढलं होतं हे घरी कुणालाच कळत नव्हतं.

सासुरवाडीचा रस्ता पडलेल्या झाडांनी बंद. फोन लागेना. बायको दिवसातून दहा वेळा विचारी, "बाबांचं काय?" तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांचाच फोन आला.

"जावयबापूनू, तुमी बरे मां? साखळेक पत्रे-बित्रे उडाले काय?"

"उडाले थोडे. तुमच्याकडे वादळाचं कसं, मामा?"

"वादळ? वारो होतो जरासो."

"आणि दारातला फणस?"

"आडवो जालो. चाळीस वर्सां उबो आसलो, दमलो आसतलो."

"लाइट आहे ना?"

इथे ते क्षणभर थांबले असावेत. मला ते तेव्हा ऐकू आलं नाही. "लाइट? अवो, लखलखाट!"

तसं पाहिलं तर तेही खोटं नव्हतं. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर फोन चार्ज करून, रेंजसाठी ते सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळावर, चढले होते, आणि मे महिन्यातल्या भर दुपारी उघड्या सड्यावर लखलखाटच असतो. पण जावयाने विचारलं आणि सासऱ्याने 'आमच्याकडे काळोख आहे' म्हटलं, असं त्या घराण्यात घडणं शक्य नव्हतं. ज्या माणसाने आयुष्यात देवाकडे काही मागितलं नाही, तो जावयाकडे करंट मागेल?

मी उठलो आणि झोकात हिरवी खूण केली. एवढ्यावर थांबलो असतो तर तो मी कसला! लाइन तर एकच, ती या वाडीवरूनच पुढे जाते. तेव्हा इथे लाइट असेल तर पुढच्या दोन वाड्यांनाही असणारच, असा तर्क लढवून त्यांनाही हिरवं करून टाकलं. साहेब म्हणाले, "व्वा, ती बाजू लवकर झाली!" मीच चार खांब उभारल्यासारखी मान झुकवली. लाइनमनांची तुकडी दुसरीकडे गेली.

सहाव्या दिवशी वाडीतली गिरणीवाली काकी कचेरीत येऊन उभी राहिली. ओंडक्यांवरून चढत-उतरत, चालत आली होती. नवऱ्यामागे ती पिठाची गिरण हाच तिचा संसार. वाडीतल्या घराघरांतले भिजलेले तांदूळ तिच्याकडे डब्यांतून आंबायला लागले होते, लोकांची भाकरी अडली होती, तिची तर दोन्हीकडून अडली होती. आणि पावसाळा पंधरा दिवसांवर.

"जावयानू, लाइट कधी येतली?"

मी यादीवर पेन टेकवला. "काकी, तुमच्याकडे लाइट आहे."

"खय आसा?"

"वाडीत. तीन दिवस झाले."

"माझी गिरण बंद आसा ती?"

"फ्यूज बघा."

"शेजाऱ्यांकडे पण काळोख आसा."

"त्यांनाही फ्यूज बघायला सांगा."

काकीने यादीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग डोक्यावर गरगरणाऱ्या पंख्याकडे बराच वेळ पाहिलं. "बरां," ती म्हणाली. "म्हणजे लाइट आसा. माझेच डोळे गेले म्हणूचे." आणि आली तशी चालत परत गेली. मला तिची कीव आली, हे लिहिताना आज कान गरम होतात. या वयाच्या बायकांना विजेतलं समजत नाही, असं मी साहेबांना सांगितलंसुद्धा.

पुढचं मला नंतर मामींनी सांगितलं. काकीने ओट्यापुढे उभं राहून सगळी हकीगत ऐकवली: भिंतीवर यादी आहे, वाडीपुढे हिरवी खूण आहे, आणि ती खूण तुमच्या जावयाने केलीय. त्या दिवशी ताटातल्या बांगड्याला सासऱ्यांनी हात लावला नाही. "बांगडो बरो ना काय?" मामींनी विचारलं. "बरो आसा," ते म्हणाले. "मीच आज बरो ना." लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली होती, हे वाक्य मामींनी पहिल्यांदा ऐकलं. त्या घाबरून हळद घालून दूध घेऊन आल्या. दुसऱ्या दिवसभर ते आडव्या फणसावर बसून होते. तिसऱ्या दिवशी उठून दाढी केली, धुतलेला सदरा घातला, नारळ आणि विडा घेतला, आणि घरोघर जाऊन म्हणाले, "चला. गाऱ्हाणां घालूचा आसा."

"देवळात?"

"देवळातलो देव आयकता. न आयकणाऱ्याकडे जावया."

दहाच्या सुमाराला कचेरीच्या पायरीसमोर तीन वाड्या उभ्या होत्या. मी आतून पाहिलं तर सगळ्यात पुढे सासरे, पायरीवर नारळ ठेवताहेत. साहेब गोंधळून बाहेर आले, मागोमाग मी, खिशात हिरवा पेन.

"बा देवा म्हाराजा!" आवाज घुमला आणि समोरच्या पत्र्यावरचे कावळे उडाले. "तारेतल्या, खांबावयल्या, बटनातल्या सायबा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझी लेकरां तुझ्या पायरेर इली आसत."

"व्हय म्हाराजा!"

"आमच्या वाडीर, म्हाराजा…" आणि ते अडले. खाडीपलीकडे जाणारा आवाज घशातच राहिला. खाकरले. आभाळाकडे पाहिलं. "आमच्या वाडीर, म्हाराजा, लाइट…"

"ना म्हणा!" मागून मामी ओरडल्या. "ना म्हणा हो! जीब झडाची ना!"

"…लाइट ना, म्हाराजा."

"व्हय म्हाराजाऽऽ!" असा 'व्हय' त्या माणसांनी कुठल्या जत्रेत दिला नसेल. आठ दिवसांचा काळोख, विहिरीवरची रांग, कुजलेले मासे, आंबलेले तांदूळ, सगळं त्यात होतं. साहेबांनी मान वळवून आतल्या यादीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "ही खूण कुणी केली?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. बदली कुठल्या कोपऱ्यात होईल, याचा मी हिशेब करू लागलो.

"आनी म्हाराजा," सासऱ्यांचा आवाज पुन्हा मोकळा झाला, "जो कोण त्या हिरव्या खुणेचो धनी आसा, तेका जाब विचारू नको. तेका मी सांगलंय, लखलखाट म्हणान. म्हाताऱ्याचा बोलणां खरा मानला, ह्योच तेचो गुन्हो. चूक जी काय आसा ती माझ्या पदरात घाल."

या वेळी 'व्हय म्हाराजा' लगेच आला नाही. लोक एकमेकांकडे बघत होते. ज्या माणसाच्या एका 'लखलखाटा'ने पाच दिवस सगळ्यांच्या घरात काळोख ठेवला, तो समोर उभा होता. मग गिरणीवाली काकी म्हणाली, "आता सांगता, शिरा पडो तेच्या तोंडार!" आणि पदर सावरून तिनेच पहिला 'व्हय म्हाराजा' म्हटला. तिच्यामागून सगळी वाडी. आणि त्या रेट्यात, हात कधी जोडले गेले हे न कळून, पणजीचे साहेबही. देवाला सगळ्यांसमक्ष 'व्हय' म्हणून बसल्यावर त्यांना इलाज राहिला नाही; अर्ध्या तासात तुकडी निघाली.

खांब नेणारी गाडी झाडांमुळे अर्ध्यावर अडली. तेव्हा वाडीने पालखी घ्यावी तसे खांब खांद्यावर घेतले. सासरे पुढे, "आमी अजून पडलो ना, म्हाराजा!" आणि मागून खांबाखालून दबलेला, तरी ठणठणीत, "व्हय म्हाराजा!" मीही खांदा दिला. माझ्या तोकड्या उंचीमुळे खांब माझ्या खांद्याला लागतच नव्हता, पण त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. सूर्य खाली जाता जाता गिरणीचा पट्टा फिरला. काकीने पहिलं पीठ हातात धरून ओट्यावर आणलं आणि सासऱ्यांच्या धुतलेल्या सदऱ्यावर एक पांढरा पंजा उठवला. डोक्यावरच्या बल्बकडे बघत ते मला म्हणाले, "मी सांगलेला ता खराच जाला मां? जरा आगावू सांगलंय, इतक्याच."

त्याला आता काही वर्षं झाली. मला ताकीद मिळाली, ती मी खतावरच्या माझ्या अधिकाराइतकीच जपून ठेवली आहे. फणसाच्या बुंध्याला बाजूने फुटवे आले. "सांगलंय न्हय, दमललो," असं त्याच्याबद्दल येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं जातं. मी मात्र एक धडा घेतला: फोनवर विचारत नाही, जाऊन बघून येतो.

गेल्या महिन्यात मामींनी बायकोला काहीतरी सांगितलं. तरी सवयीने मी फोन केलाच. "मामा, डोळे कसे आहेत?" "लखलखाट!" मी स्कूटर काढली. पोचलो तेव्हा तिन्हीसांज होती. ते बलकांवावर आपल्या जागी बसले होते, डोक्यावर तोच बल्ब जळत होता. स्कूटरच्या आवाजावरून ओळखून त्यांनी माझ्या डावीकडच्या खांबाकडे बघून हसत विचारलं, "जावयबापूनू, करंट गेलो काय ओ?"

दारात मामी उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. या वेळी त्या हसत नव्हत्या.

"हो मामा," मी म्हणालो. "गेलाय. लाइनवर काम चालू असेल."

"तुमच्या कचेरीचा काय खरा ना," ते समाधानाने म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. मग मी म्हणालो, "मामा, हल्ली मला नीट दिसत नाही. पणजीला डॉक्टरकडे जायचंय. एकट्याला भीती वाटते."

हाताने अंदाज घेत त्यांनी माझा गुडघा शोधला आणि त्यावर थापटलं. "भियेव नकात. मी येतंय संगतीक."

सोमवारी सकाळी आम्ही पणजीच्या बसची वाट बघत उभे होतो. बस आली. कंडक्टर घाई करत होता. सासऱ्यांनी हात पुढे केला, माझ्या मनगटाभोवती घट्ट धरला, आणि सगळ्या बसला ऐकू जाईल एवढ्याने म्हणाले, "पायरी उंच आसा पुता, सांबाळून चढ. तुका दिसना न्हय? माझो हात सोडू नको."

मी सोडला नाही.