साडभाऊंची छडी

नागपुरात जादूगार पुष्कळ होऊन गेले असतील, पण माझ्या साडूंइतका तयारीचा जादूगार एकही झाला नाही. तयारीचा म्हणजे तयारी करणारा. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. आमच्याकडे साडूला साडभाऊ म्हणतात, म्हणून आम्ही दोघे एकमेकांना जन्मभर साडभाऊच म्हणत आलो. ते पाटबंधारे खात्यात नकाशे काढायला होते. त्यांच्या टेबलावरून एखादा कालवा पुढे सरकायचा तर मधे दोन-तीन पावसाळे सहज निघून जात. कालव्याची ही कथा, तर जादूच्या छडीची काय असेल, याचा वाचकांनी अंदाज करावा.

सुरुवात झाली ती सत्तर सालाच्या आसपास कधीतरी. शहरात जादूच्या खेळाचा तंबू लागला होता. खेळ संपल्यावर साडभाऊ थेट आत घुसले आणि त्यांनी जादूगाराचे पायच धरले. "मले शिकवा!" जादूगाराला गोंदियाची गाडी गाठायची होती. तोंडावरचा रंग पुसत तो म्हणाला, "पहले छडी तैयार करो, भाईसाब. बाकी बाद में." दुसऱ्या दिवशी तंबू उठला. त्या बिचाऱ्याने पीडा टाळली होती, पण साडभाऊंनी तो गुरुमंत्र समजून कानात जपून ठेवला. घरी येऊन त्यांनी आधी छडीचा नकाशा काढला. समोरून, बाजूने आणि आडवी कापल्यावर कशी दिसेल तशी. फूटभर लांबीच्या सरळ काठीचे तीन नकाशे पाहून ताई, म्हणजे माझी मेहुणी, म्हणाली, "याच्यापेक्षा लाटण्याचं चित्र काढलं असतं तर कामी तरी पडलं असतं."

मग लाकडाचा शोध. दर रविवारी सायकली काढून आम्ही लाकडाच्या टाली, म्हणजे वखारी, पालथ्या घालायचो. साडभाऊ ओंडक्यावर बोटाने टकटक करत आणि कान लावून डोळे मिटत. टालवाल्याला वाटे, गिऱ्हाईक मोठं आहे, लेकीच्या लग्नाचा पलंग करायचा असेल. "किती फूट देऊ, साहेब?" "एक." त्यानंतर टालवाला आमच्याशी बोलत नसे. सागवान त्यांना सरकारी वाटलं. चंदनाला पाहून लोक हात जोडतील, टाळ्या वाजवणार नाहीत, म्हणून तेही बाद. संत्र्याच्या फांदीवर त्यांचा फार जीव जडला, कारण नागपूरच्या जादूगाराच्या हाती दुसरं लाकूड शोभत नाही असं त्यांचं मत होतं. पण ती वाळता वाळता अशी वाकली की तिच्याने फार तर पाठ खाजवता आली असती. शेवटी बसने कन्हानला गेलो, तेव्हा तिथल्या एका टालीवर तेंदूच्या खोडाचा काळाकुळकुळीत गाभा मिळाला. येताना बसमध्ये तो तुकडा त्यांनी तान्ह्या पोरासारखा मांडीवर घेतला होता.

पण लाकूड मिळालं म्हणजे छडी झाली थोडीच! ते मुरायला पाहिजे. कपाटावर सावलीत त्याला निजवलं, आणि ऐन मे महिन्यात साडभाऊंनी घरातला कूलर बंद केला. ओलाव्याने लाकूड वाकडं होतं म्हणे! रामदासपेठेतल्या त्यांच्या त्या दोन खोल्यांत दुपारी चमचासुद्धा हाताला चटका देई. "अवो, त्या काडीपायी आमचे पापड होऊन राहिले!" ताई ओरडे. साडभाऊ घाम पुसत शांतपणे म्हणत, "लाकूड तापून राहिलं वं. थोडी कळ काढ." उन्हाळ्यानंतर तासणं आलं, घासणं आलं, आणि मग रोज जवसाच्या तेलाने मालिश. इतकी मालिश त्या घरात एकाही बाळाची झाली नसेल. टोकांना पांढरा रंग तर त्यांनी कितीदा दिला आणि कितीदा खरवडला, ते त्यांनाच ठाऊक.

मात्र ताईची एक गंमत मला उशिरा कळली. घरात जिला ती काडी म्हणे, तिची बाहेर वाजतगाजत कीर्ती चालली होती. "आमच्या यांच्यासारखी छडी मुंबईच्या जादूगाराजवळ नाही," असं तिने शेजारणींना इतक्या वेळा ऐकवलं की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या हटून बसल्या: औंदा जादू दाखवाच. ताई होऊन बसली कबूल.

दोन दिवस आधी साडभाऊ माझ्याकडे आले. चेहरा उतरलेला.

"साडभाऊ, छडी तयार आहे."

"मग काहून घाबरून राहिले?"

"जादू कोणती करायची असते?"

मी कपाळावर हात मारला. शेवटी माझ्या बायकोने त्यांच्या कोटाच्या आत एक लांब इलॅस्टिक शिवलं आणि त्याच्या टोकाला लाल रुमाल बांधला. मुठीत रुमाल धरायचा, छडी फिरवायची, मूठ सोडायची. रुमाल सप्पकन कोटात. बस, एवढीच जादू.

समोर पंचवीस-तीस बायका. साडभाऊंनी छडी अशी झोकात फिरवली की मलाही क्षणभर खरं वाटलं. मूठ उघडली. रिकामी! आणि त्याच क्षणी इलॅस्टिक सैल पडलं. लाल रुमाल कोटाखालून घसरून त्यांच्या मागे शेपटीसारखा लोंबू लागला. साडभाऊ ऐटीत वळून वळून सगळ्यांना रिकामी मूठ दाखवत होते, त्यामुळे शेपूटही सगळ्यांना नीट दिसत होतं. एका कोपऱ्यात कोणीतरी फिसकन हसलं. माझे कान तापले.

तेवढ्यात पुढच्या सतरंजीवरून ताईचा आवाज आला, "अगं बाई! गेला कुठे वं तो रुमाल?" आणि ती दोन्ही हातांनी टाळ्या पिटू लागली. तिने मागे वळून अशा नजरेने पाहिलं की हसणारीचाही हात टाळीला गेला. मग सगळं घर टाळ्यांनी भरून गेलं. साडभाऊ वाकून नमस्कार करत राहिले. नंतर कोट काढून घेताना ताईने रुमाल अलगद मुठीत घेतला आणि माझ्याकडे आणि माझ्या बायकोकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं.

ताई गेली त्या वर्षी मी बऱ्याचदा संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसत असे. एकदा ते अचानक म्हणाले, "रुमाल लटकून राहिला होता ना गा, तेव्हा?" इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच असं जवळच्या माणसासारखं गा म्हटलं. "मले समजलं होतं. पोटरीले लागून राहिला होता. पण ती इतकी खूश होऊन टाळ्या वाजवून राहिली होती, की मी मागे पाहिलंच नाही."

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"रुमाल?" मी म्हणालो. "तो तर गायब झाला होता, साडभाऊ."